लेडी मॉडची इंजिनबंदी

इंजिनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतोय. आयुष्यभर गाद्यांच्या दुकानात नोकरी केली हे खरं, पण गाद्या विकता विकता माणूस ऐकायला शिकतो. गिऱ्हाईक गादीवर नुसतं टेकलं तरी कुठली स्प्रिंग कुरकुरतेय हे मी दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचो. इंजिन म्हणजे तरी दुसरं काय? कुरकुर ओळखता आली की झालं.

हे मी माझ्या बायकोला, ग्लेनिसला, निदान शंभरदा तरी समजावलं असेल.

"मग गादीच सोडू कालव्यात," ती म्हणायची. "निदान झोपता तरी येईल."

आमची बोट म्हणजे लेडी मॉड. सत्तावन्न फूट लांब, रुंदीला मात्र दोन माणसं शेजारी उभी राहिली की संपली. नाव सासूबाईंचं. त्यांच्यासारखीच वजनदार आणि त्यांच्यासारखीच अधूनमधून गप्प होणारी. निवृत्त झाल्यावर राहतं घर विकायचं, बोटीवर संसार थाटायचा आणि उरलेलं आयुष्य इंग्लंडच्या कालव्यांवरून रमतगमत काढायचं, एवढं एकच स्वप्न मी बाळगलं होतं. ग्लेनिसचं म्हणणं वेगळं होतं. तिचं म्हणणं असं, की तीन उन्हाळे ती पावसात टॉर्च धरून उभी आहे आणि माझे फक्त पाय तिला इंजिनाच्या खड्ड्यातून वर आलेले दिसतात.

शेवटी एक दिवस टोस्टवर मार्मालेड लावता लावता तिने निकाल सांगितला.

"हॅडलची चढण आहे ना, ती चढून दाखव. पहिल्या लॉकपासून शेवटच्यापर्यंत. इंजिनाने एकदाही रुसायचं नाही. जमलं तर घर विकू. मी बोटीवर राहायला येते आणि तोंडातून ब्र काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लेडी मॉड रॉजरला." रॉजर म्हणजे तिचा चुलतभाऊ. तो दर नाताळात बोट मागायचा आणि दर नाताळात मी त्याच्या पुडिंगमध्ये ब्रँडी कमी घालायचो.

"मंजूर," मी म्हणालो. "इंजिनाने चकार शब्द काढला तर नाव बदलीन."

वरून बेफिकीर दिसलो, पण खरं सांगतो, तसा नव्हतो. मला ती बोट फार आवडते. रॉजर तिच्यावर प्लास्टिकची फुलं लावणार हे मला दिसत होतं.

हॅडलची चढण म्हणजे टेकडीवर एकापाठोपाठ एक असे सात लॉक. लॉक म्हणजे पाण्याची अरुंद खोली, दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या बाजूच्या झडपा चावीने उघडून पाणी सोडायचं. बोट वर आली की पुढचं दार उघडून निघायचं, आणि शंभरेक पावलांवर पुढचा लॉक. आमच्याकडे रीत अशी, की नवरा मागे सुकाणूचा दांडा धरून उभा राहतो आणि बायको काठावर उतरून टनभर वजनाची दारं पाठीने रेटते. नवरा वरून "थँक यू, डिअर" म्हणतो. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण तो नवराच असणार.

सकाळी ऊन पडलं होतं. आमच्याकडे ऊन पडलं की माणसं एकमेकांना ते सांगत सुटतात, त्यामुळे पहिल्या लॉकपर्यंत पोचायलाच वेळ लागला. ग्लेनिस सायकल आणि लॉकची चावी घेऊन काठावर उतरली. चावी म्हणजे मूठभर जाडीचा, काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडका. मला उकडायला लागलं म्हणून मी रेनकोट काढला, केबिनच्या दाराशी हाताला लागलं तिथे अडकवला आणि दांडा धरून ऐटीत उभा राहिलो. इंजिन ठक-ठक-ठक करत होतं. कानाला इतकं गोड लागत होतं की मी डोळे मिटले.

लॉकच्या तोंडाशी बोट भिंतीला जराशी घासली. एवढं चालतंच. ठक-ठक-ठक. ठक. आणि मग काही नाही.

बोट आपल्याच वेगाने आत सरकली आणि थांबली. ग्लेनिसने मागचं दार लावलं, पुढे जाऊन झडपा उघडल्या. लॉकमध्ये पाण्याचा इतका धबधबा होतो की इंजिन चालू आहे की बंद, हे काठावरच्या माणसाला कळत नाही. मी देवाचे आभार मानले आणि इंजिनाच्या खड्ड्यात उडी मारली.

डिझेल होतं. तेल होतं. पट्टा जागेवर होता. मी कान लावून ऐकलं, पण बंद इंजिनात ऐकायला काही नसतं. बटण दाबलं की ते घरघरायचं, पेट मात्र घ्यायचं नाही. मी त्याला आधी समजावलं, मग शिव्या घातल्या, मग एका नळीवर हातोडीने मारलं. ती नळी चहाच्या पाण्याची निघाली.

"माल्कम," वरून ग्लेनिसची हाक आली, "दार उघडलंय. मी पुढचा लॉक तयार करते." आणि ती सायकलवर बसून निघून गेली.

आता बोट बाहेर काढणं भाग होतं. तेवढ्यात मागच्या बोटीवरचा माणूस चालत वर आला. मागचा माणूस पुढच्याची दारं लावायला मदत करतो, ही कालव्यावरची पद्धत. हा हॉबडे. दाढी छातीपर्यंत, बाराही महिने हाफ पँट, आवाज बैलासारखा.

"सगळं ठीक ना, राव?"

आमच्याकडे हा प्रश्न नसतो. पाय मोडलेला माणूससुद्धा याला "ठीक" म्हणतो. मीही म्हणालो, "ठीक."

"इंजिन बंद पडल्यासारखं वाटतंय."

"छे. जरा विसावा देतोय त्याला."

"दोन हात लागले तर सांगा. दोर टाका, दोघं मिळून ओढू."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण आमची रीत अशी, की पहिल्यांदा नको म्हणायचं. मग समोरच्याने पुन्हा विचारायचं आणि मग आपण "तुम्हाला त्रास होणार नसेल तर" म्हणत कबूल व्हायचं. "नको नको, तुम्हाला कशाला उगाच," मी म्हणालो आणि चेहरा तयार ठेवून थांबलो. पण हॉबडेवरही चांगले संस्कार झाले होते. माणसाने एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या घरात न बोलावता घुसणं. "बरं तर," म्हणाला आणि दाराच्या दांड्याला टेकून खिशातला सॉसेज रोल खायला लागला.

मी सुकाणू दोरीने बांधलं, बोटीचा लांब दोर खांद्यावर घेतला आणि काठावरून ओढायला लागलो.

अठरा टनांची बोट ओढणं अशक्य नाही. आधी काहीच होत नाही. माणूस जमिनीशी समांतर होतो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग ती मनात आल्यासारखी हलते, आणि एकदा हलली की थांबवणं त्याहून अवघड. पूर्वी हे काम घोडे करायचे. मला त्या घोड्यांविषयी त्या दिवसापासून फार आदर आहे.

दुसऱ्या लॉकपाशी ग्लेनिस कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय चाललंय?"

माझ्या डोळ्यांपुढे रॉजर आला. प्लास्टिकची फुलं आली. आणि माणूस घाबरला की त्याच्या तोंडून जे निघतं ते निघालं.

"जुनी पद्धत," मी म्हणालो. "आपल्या आजोबा-पणजोबांची. म्हटलं, एवढं ऊन पडलंय, कशाला ते इंजिन. बघ किती शांत वाटतंय."

"शांत तर वाटतंय," ती म्हणाली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बीटासारखं झालं असणार. "पण तुला आवडतंय हे?"

"फार."

"खरंच?"

"अगं, कधीपासून करायचं होतं मला. इंजिन म्हणजे नुसता गोंगाट. पाणी ऐकू येत नाही, पक्षी ऐकू येत नाहीत."

"बरं," ग्लेनिस म्हणाली. तिच्या "बरं"चे मी एवढ्या वर्षांत पुष्कळ अर्थ शिकलोय, हा मात्र ओळखीचा वाटला नाही.

इथे डेस्मंड उगवला. डेस्मंड म्हणजे लॉकवरचा स्वयंसेवक. निवृत्त विमा एजंट. निळं लाइफ जॅकेट, त्यावर नावाचा बिल्ला, बिल्ल्याखाली शिट्टी. प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं आणि अंगात उत्साह मावत नव्हता.

"इंजिनाला काही झालंय का?" त्याने खणखणीत आवाजात विचारलं. ग्लेनिस हाताच्या अंतरावर उभी होती.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. "इथे बंदच ठेवायचं ना?" मी म्हणालो. विसरलेल्या माणसाला हळूच आठवण करून देतात ना, तसल्या सुरात म्हणालो. दुकानात हा सूर फार कामी यायचा.

डेस्मंडचा चेहरा पडला. नियम असावा आणि तो आपल्याला ठाऊक नसावा, याहून मोठी नामुष्की आमच्या देशात नाही.

"म्हणजे... आजपासून?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कळवलं असेलच की."

"अर्थात, अर्थात. कळवलंय. मी फक्त तुम्हाला ठाऊक आहे का ते बघत होतो." आणि तो तडक खाली हॉबडेकडे गेला.

मी कान दिले. "साहेब, इंजिन बंद करायचं. या चढणीवर आजपासून बंदी." "का?" हॉबडेने विचारलं. डेस्मंडला कारण ठाऊक नव्हतं. "पुढचे गृहस्थ ओढत चाललेत, दिसत नाही का?" तो म्हणाला. हॉबडेने माझ्याकडे पाहिलं. मी दोर खांद्यावर घेतलेला. पुढचा माणूस जे करतो ते कारण असल्याशिवाय करत नाही, एवढा विश्वास आमच्या रांगेत असतो. हॉबडेचं इंजिन बंद झालं. तो दोर घेऊन काठावर उतरला आणि अशी एक शिवी हासडली की शेतातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

हॉबडेच्या मागे आणखी बोटी येऊन लागल्या होत्या. उन्हाचा दिवस, शनिवार. हॉबडेने मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. इंजिनं एकेक करून गप्प झाली. कोणीही विचारायला पुढे आलं नाही, कारण विचारायला जायचं म्हणजे रांग सोडायची.

नियमाला कारण हवं असतं, ते लोकांनीच पुरवलं. तिसऱ्या लॉकपाशी मी ऐकलं, की खंड्याने काठाच्या भिंतीत घर केलंय. चौथ्या लॉकपर्यंत तो दुर्मीळ जातीचा झाला होता आणि त्याची पिल्लं नेमकी आजच बाहेर यायची होती. सगळ्यात शेवटच्या बोटीपर्यंत बातमी पोचली तेव्हा खंड्या जाऊन पाणमांजर आलं होतं, तेही गाभण. टेकडीभर माणसं कुजबुजत बोलायला लागली. एका बाईने चहाची किटली शिट्टी वाजवायच्या आत धावत जाऊन उतरवली. भाड्याच्या बोटीवर कप्तानाच्या टोप्या घालून लग्नाआधीची पार्टी करायला आलेले आठ दांडगे तरुण चवड्यांवर चालत दोर ओढत होते.

बघे जमायला लागले. आमच्या लॉकवर बघे नेहमीच असतात. आइस्क्रीम घेऊन दुसऱ्याला दार ढकलताना बघण्यासारखं सुख नाही. त्या दिवशी तर त्यांना पर्वणीच होती.

"किती छान उपक्रम," एक म्हातारी हळूच म्हणाली. "दरवर्षी असतो का हो?"

"नाही," मी दोरातून म्हणालो. "पहिल्यांदाच."

"पुढच्या वर्षी माझ्या बहिणीला घेऊन येते," ती म्हणाली. तिने माझा फोटो काढला, तोही आवाज बंद करून.

चौथा लॉक चढेपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले होते, पाठ वाकली होती आणि उजवा खांदा माझा आहे असं वाटत नव्हतं. ग्लेनिस मात्र मजेत होती. एरवी ती लॉकवर एकटी दारं ढकलत उभी असते आणि मी इंजिनाच्या आवाजात ओरडून सूचना देत असतो. आज आवाज नव्हता. ती हॉबडेच्या बायकोशी, पॅटशी, गप्पा मारत होती. दोघी मिळून दार रेटत होत्या आणि हसत होत्या. मी तिला बोटीवर अशी हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला जरा अपराधी वाटलं, पण दोराला ओढ बसली आणि ते वाटणं मागे राहिलं.

पाचव्या लॉकवर झडप उघडता उघडता ग्लेनिसच्या हातातून चावी निसटली. डुबुक. कालव्याच्या तळाशी अशा किती चाव्या असतील देव जाणे. म्हणून शहाणा माणूस जादा चावी बाळगतो आणि मी शहाणा असल्यामुळे दोन बाळगतो.

"माल्कम, तुझी चावी दे," ती म्हणाली. "कुठे आहे?"

"रेनकोटाच्या खिशात."

मी बोटीवर चढलो. केबिनच्या दाराशी रेनकोट लोंबत होता. एका खिशात एक चावी, दुसऱ्या खिशात दुसरी. लोखंड ते, कोट चांगलाच जड झाला होता. मी तो उचलला आणि त्याच्याखालून एक लाल मूठ खटकन वर आली.

ती मूठ इंजिन बंद करायची. खाली ओढली की डिझेल तुटतं, इंजिन थांबतं. सकाळी उकडलं म्हणून जिथे हाताला लागलं तिथे मी कोट अडकवला होता, तो तिथेच. लॉकच्या भिंतीला बोट घासली, कोटाला हिसका बसला, मूठ खाली आली. इंजिन बिचारं काल होतं तसंच आजही धडधाकट होतं. त्याला मी कोट घातला होता.

मी खाली बसलो. हसावं का रडावं ते कळेना. मग कळलं, की हसायला हरकत नाही. इंजिन बिघडलेलंच नाही. लेडी मॉड माझी. बटण दाबायचं, ठक-ठक-ठक, आणि उरलेले लॉक साहेबासारखे चढायचे. मी चावी ग्लेनिसकडे फेकली आणि बटणाकडे हात नेला.

"शू!"

काठावर डेस्मंड उभा होता. ओठांवर बोट. दुसऱ्या हातात खडूने लिहिलेली पाटी. पाटीवर लिहिलं होतं: इंजिन बंद ठेवावे. आदेशावरून.

"डेस्मंड," मी हळूच म्हणालो, "मला वाटतं, ती बंदी फक्त सकाळपुरती असावी."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. आपलं मला वाटतं."

"साहेब, नियम वाटण्यावर चालत नाही. मी वरच्या ऑफिसात फोन लावला होता. त्यांनाही ठाऊक नव्हतं."

माझ्या जिवात जीव आला. "मग?"

"मग काय, फार दिलगीर झाले बिचारे. लगेच मंजूर केलं."

मी काठावर नजर टाकली. खाली वाकड्या रांगेत बोटी होत्या, बोटींपुढे घामाघूम माणसं होती. सगळ्यात पुढे हॉबडे. दाढी घामाने गळ्याला चिकटलेली, हाफ पँट कमरेवरून घसरायच्या बेतात. तो माझ्याशी बोलायला दोर घेऊनच पुढे आला.

"राव, एक सांगू?" तो कुजबुजला. त्याची कुजबुजही लांबवर ऐकू जाते. "हा नियम कोणी काढला ते मला कळू दे. त्याला मी या लॉकमध्ये घालतो, दारं लावतो आणि वरून पाणी सोडतो. तुम्ही याल ना मदतीला?"

"येईन की," मी म्हणालो.

"भले माणूस आहात. तुम्ही तर एवढं वय असून कुरकुर करत नाही."

म्हणजे माझी अवस्था अशी, की चालू इंजिन बोटीत आणि बोट माझ्या खांद्यावर. ग्लेनिसला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकावं असंही मनात आलं. इंजिन निर्दोष आहे, गुन्हा कोटाचा आहे. पण कोट कोणी अडकवला, हा प्रश्न लगेच आला असता. त्यानंतर "आजोबा-पणजोबा" कोणाचे, हा आला असता. ग्लेनिसपुढे असला खटला मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. शिवाय पॅट तिच्या शेजारी उभी होती आणि पॅटचा नवरा लॉकच्या काठी. मी सहाव्या लॉककडे निघालो.

सहावा कसा चढलो ते आठवत नाही. सातव्याच्या आधी कालव्याला वळण आहे, तिथे लेडी मॉडने काठाच्या चिखलात नाक खुपसलं आणि सासूबाई सोफ्यावर बसायच्या तशी बसली. शेवटी टोप्यांवाले आठही जण बोटी सोडून आले आणि त्यांनी तिला उपसून काढलं, कारण ती हलल्याशिवाय त्यांना वरच्या पबमध्ये पोचता येत नव्हतं. या वेळी कोणी विचारलंच नाही, म्हणून मला नको म्हणावं लागलं नाही.

चढण संपली की वर पब आहे. सगळी रांग तिथे येऊन कोसळली. आणि गंमत अशी, की लोक खूश होते. एरवी बोटीवरची माणसं एकमेकांना हात करतात आणि पुढे जातात. आज एकमेकांना घोरपडीसारखी चिकटून दोर ओढलेली, त्यामुळे सगळे मित्र झाले होते. टोप्यांवाल्यांनी पाणमांजराच्या नावाने ग्लास उंचावले. डेस्मंडला कोणीतरी पाय वर करायला खुर्ची दिली. मी कोपऱ्यात बसलो होतो. दोन्ही हातांनीही ग्लास उचलता येत नव्हता, म्हणून तोंडच ग्लासापाशी नेत होतो.

ग्लेनिस पॅट आणि हॉबडेबरोबर बराच वेळ बारपाशी उभी होती. मग ती माझ्यापाशी येऊन बसली. गाल लाल झाले होते. केसांत गवताची काडी होती.

"चढलास," ती म्हणाली.

"चढलो."

"इंजिनाने दिवसभरात एकदाही तक्रार केली नाही."

"शब्दसुद्धा नाही."

"म्हणजे तू जिंकलास. घर विकू या. सोमवारी दलालाला बोलावते."

लाज वाटली, तरी डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. मी म्हणालो, "ग्लेनिस, तुला खरंच चालेल?"

"मला आज फार मजा आली, माल्कम. इतकी वर्षं मला वाटायचं, मला बोट आवडत नाही. आज कळलं, मला बोट आवडते, ती ठकठक आवडत नाही. पाणी ऐकू येत होतं. माणसं ऐकू येत होती. आणि तुला ओढताना पाहिलं ना, मला इतकं बरं वाटलं. तू म्हणालास, कधीपासून करायचं होतं. तू हे मला आधी का सांगितलं नाहीस?"

"असंच," मी म्हणालो.

"मग मी म्हटलं, त्याला आवडतंय, मला आवडतंय, तर ते धूड हवंय कशाला? ते काढलं तर तिथे छान न्हाणीघर होईल. हॉबडेचं इंजिनही त्याच बनावटीचं आहे, त्याला सुटे भाग मिळत नाहीत. आज ओढून ओढून त्याने शपथच घेतलीय की पुन्हा दोराला हात लावणार नाही. मी त्याला आपलं देऊन टाकलं. मंगळवारी येऊन काढून नेतोय."

हॉबडे बारपाशी उभा राहून ग्लास उंचावत होता. त्याच्या मागे रांगेतली सगळी माणसं होती, त्यांचे फोडांनी भरलेले हात होते, आणि खिडकीबाहेर भरलेला लॉक होता. खरं बोललो असतो तर बोट गेली असती आणि बहुधा मीही गेलो असतो. गप्प बसलो तर फक्त इंजिन जात होतं.

"छान झालं," मी म्हणालो.

ग्लेनिसला सगळं ठाऊक होतं का? याचा मी पुष्कळ विचार केला. अठरा टनांची बोट ठकठक करायची थांबते आणि तीन उन्हाळे टॉर्च धरलेल्या बाईला ते कळत नाही, हे पटत नाही. पण विचारायची सोय नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

घर विकलं गेलं. आता आम्ही बोटीवर राहतो. तब्येत म्हणाल तर माझी उत्तम आहे, खांदे असे झालेत की जुने कोट होत नाहीत. ग्लेनिसने सुकाणू घेतलंय, कारण दोन्ही कामं मला कशी जमणार. हॅडलवर ती पाटी अजून आहे, आता चांगली रंगवलेली. बाकी सगळं शांत आहे. इंजिन नाही, त्यामुळे बोटीवरचं बोलणं काठावर स्पष्ट ऐकू येतं. परवाच एका वळणावर मी जरा जोर केला, तर मागून ग्लेनिसचा आवाज आला.

"माल्कम, जरा हळू रे, चहा सांडतोय."